वहिनी म्हणालात, हरकत नाही. पुढं काय?

एक मुलगा आणि एक मुलगी सोबत दिसले म्हणून त्यांना नवरा-बायको समजणं हा अपमान नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या वयाच्या लोकांना टपरीवाल्यानं 'वहिनींना साखर कमी का?' असं विचारलं तरी लगेच स्टोरी टाकायची घाई असते. त्याचा अंदाज चुकला, एवढंच. माझं भांडण त्या अंदाजाशी नाही. 'आमचं लग्न झालेलं नाही' हे कळल्यानंतर जे एक मिनिट जातं, त्याच्याशी आहे.

मी हट्ट्याचा. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आमचं गाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या वर्षी माझी मैत्रीण दोन दिवस गावाकडं आली होती. बाबांच्या ओळखीतल्या एका घरी आम्ही चहाला गेलो. तिथल्या काकूंना वाटलं, पोरांनी पुण्यात कोर्टात उरकून टाकलं असेल. त्या तिच्याशी भरभरून बोलल्या. माहेर कुठलं, भाकरी येते का, आमच्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन सोसेल का. निघताना ओटी भरायला खण, नारळ, तांदूळ काढले. तेव्हा ती म्हणाली, 'काकू, आमचं लग्न नाही झालेलं.'

काकूंनी नारळ खाली ठेवला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओटी सवाष्णीची भरतात, तो त्यांचा रिवाज आहे. तक्रार पुढची आहे. त्यानंतर त्या घरातलं कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. तिच्याबद्दलचे प्रश्नसुद्धा मला विचारले गेले. मला मात्र 'अजून अर्धा कप घे' म्हणून आग्रह झाला. म्हणजे लग्न दोघांचं झालेलं नव्हतं आणि पाहुणचार एकटीचा संपला. पाच मिनिटांपूर्वी जो मान मिळत होता तो तिला नव्हताच, तिच्या गळ्यात असेल असं वाटलेल्या मंगळसूत्राला होता.

अंदाज करण्यात वाईट काही नाही, कारण आपलं सर्वोच्च न्यायालयही तो करतं. 1978 साली बद्री प्रसाद खटल्यात एक जोडपं सुमारे 50 वर्षं एकत्र राहिलेलं होतं आणि त्यांच्या लग्नाचा पुरावा मागितला जात होता. न्यायालय म्हणालं, इतकी वर्षं नवरा-बायको म्हणून राहिले आहेत तर लग्न झालंय असंच धरून चाला. नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करावं. हा अंदाज माणसाच्या पाठीशी उभा राहण्यासाठी होता. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तर लग्न नसलं तरी लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं. 2010 मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्यावरचे खटले रद्द करताना न्यायालयानं स्पष्ट केलं की दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही.

आणि याच महाराष्ट्रात ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आयलंड आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले, 40 च्या आसपास जोडप्यांना खोल्यांमधून ठाण्यात नेलं. बंद खोलीत असलेल्या माणसांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचा ठपका ठेवून अनेकांकडून दंड घेतला. म्हणून 'गावाकडं असंच असतं' हे मला ऐकवू नका. पुण्यात घर शोधताना आम्हाला भाडं किती परवडेल हे नंतर विचारायचे, लग्न झालंय का हे आधी. हट्ट्यात निदान चहा पिऊन होईपर्यंत तरी थांबले होते.

कुणी म्हणेल, विचारणं म्हणजे आपुलकी. 'जेवलात का?' ही आपुलकी आहे, कारण 'नाही' म्हटलं तर ताट वाढलं जातं. 'लग्न झालंय का?' याला 'नाही' म्हटल्यावर समोरचं ताट उचललं जात असेल, तर ती आपुलकी नाही, नाकाबंदी आहे. त्यानंतर येतो 'मग करून का टाकत नाही?'. वेगळ्या धर्माच्या दोघांना 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि त्यावर कुणीही हरकत घेऊ शकतं. कुणाच्या घरी धाकट्या बहिणीचं अडतं, कुणाचा आधीचा घटस्फोट कोर्टात अडकलेला असतो, कुणाला करायचंच नसतं. यातलं एकही कारण चहाच्या कपासमोर मांडायला कुणी बांधील नाही.

आमच्या कामात फॉर्म बनवताना एक साधी गोष्ट शिकवतात: ज्या माहितीचा उपयोग नाही, तो रकाना सक्तीचा ठेवू नका. ठेवलात तर लोक खोटं भरतात. घरमालकाला भेटायला जाताना काळ्या मण्यांची पोत पर्समध्ये ठेवणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यांना खोटारड्या म्हणण्याआधी तो रकाना सक्तीचा कुणी केला ते बघा.

आणि सक्ती बाईवरच आहे. पुरुष लग्नाआधी श्री., लग्नानंतरही श्री. बाईला मात्र नाव सांगण्याआधी कु. की सौ. ते जाहीर करावं लागतं. खरं तर मराठीत सोय आहे. 'ताई' व्हायला नवरा लागत नाही, 'दादा' व्हायला बायको लागत नाही. 'वहिनी' तेवढी भावावाचून होत नाही. ओळख नसेल तर 'ताई' म्हणा, ओळख झाली की नावानं हाक मारा.

तरीही तोंडून 'वहिनी' गेलं तर जीभ चावू नका, दहा वेळा सॉरी म्हणू नका. फार माफी मागितली की समोरच्यांनी काही लाजिरवाणं केलंय असंच वाटतं. 'बरं' म्हणा आणि मघाशी भाकरीचं बोलणं चाललं होतं ते पुढं न्या. तिच्याशीच.

आपल्यालाही एक सांगणं आहे. प्रत्येक 'वहिनी' दुरुस्त करायलाच हवी असं नाही. काळी-पिवळीत वसमतपर्यंतच्या प्रवासात कुणी जागा देताना 'वहिनी, इकडं सरका' म्हणालं, तर सरकावं आणि बसावं. पण जिथं पुन्हा जायचं आहे, ज्या घराशी नातं ठेवायचं आहे, तिथं खरं सांगावं. तिनं ते सांगितलं होतं. शोभेल असं वागायची पाळी त्यानंतर घरच्यांची होती.