पाचवे शील आणि रस्त्यावरचे मूल

मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील आपली मुले वसतिगृहात रोज ग्रहण करतात. पण ज्या मुलाच्या डोक्यावर छप्परच नाही, त्याने ते कोणाच्या आधाराने पाळावे? हा प्रश्न आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजापुढे ठेवू इच्छितो.

मोठ्या शहरांत रेल्वे स्थानकांच्या आसपास आणि उड्डाणपुलांखाली राहणारी अनेक मुले पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर कापडाच्या बोळ्यावर घेऊन हुंगतात. त्याने भूक मरते, थंडी बोचत नाही, रात्रीचे भय काही काळ विसरते. मात्र त्यातील टोल्युइनसारखी रसायने मेंदू, यकृत व मूत्रपिंडे निकामी करतात. हृदयाची लय बिघडून एकाएकी मृत्यूही ओढवतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेली ही एकमेव नशा होय.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. परंतु सोल्युशन सायकलच्या दुकानात कोणालाही मिळते, कारण त्याचा मूळ उपयोग वेगळाच आहे. म्हणूनच केवळ कायद्याने हे मूल वाचणार नाही. उपचाराने नशा सुटते. पण उपचारानंतर मूल त्याच पदपथावर परतले, तर तीच भूक आणि तेच भय त्याला पुन्हा त्याच बोळ्याकडे नेतात.

ही साखळी निवासी शाळा तोडू शकते. ठरल्या वेळी वाजणारी घंटा, गरम जेवण, स्वतःचे अंथरूण आणि नावाने हाक मारणारे गुरुजी, हे सारे आपल्याजवळ आहे. अशा मुलाच्या संगतीने आपली मुले बिघडतील, ही पालकांची भीती आम्ही समजू शकतो. म्हणूनच उपचार पूर्ण झालेल्या मुलालाच, समुपदेशकाच्या देखरेखीखाली प्रवेश द्यावा, असे आम्ही सुचवितो. जन्मदाखला नसणे ही अडचण ठरू नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ हेच सांगते.

दरवर्षी निदान दोन जागा अशा मुलांसाठी राखाव्यात आणि त्यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्यांना समाजाने एकेकाळी वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या लेकरांसाठी ही शाळा उभी राहिली. आज वेशीबाहेर कोण उभे आहे, हे ओळखणे आपलेच कर्तव्य आहे.