लेमन स्प्रेड विकायचाय? "व्हीगन" छापायची घाई नको!

लेमन कर्ड मूळचं अंडी आणि बटरचं. आपल्याकडे त्या बाटलीवर मांसाहारी खूण लागते. अंडं काढलंत की हिरवा ठिपका, आणि अंडं न खाणारं गिऱ्हाईकही तुमचं. म्हणून माझं मत: घरगुती धंद्याला बिनअंड्याचा, बिनदुधाचाच प्रकार घ्या.

200 मिली नारळाचं घट्ट दूध, 120 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, रंगाला चिमूटभर हळद. गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत रहा. दाटसर होऊन उकळी आली की गॅस बंद, मगच 100 मिली कागदी लिंबाचा रस आणि किसलेली साल. रस घालून उकळत बसलात तर आंबटपणाने दाटपणा सुटतो, स्प्रेड पातळ होतो. सालीचा पांढरा भाग नको, कडू लागतो.

नावात "कर्ड" टाळा, लोक दही समजतात! आणि "व्हीगन" लिहायला 2022 च्या एफएसएसएआय नियमांप्रमाणे वेगळी मंजुरी लागते. सुरुवातीला साधी नोंदणी, हिरवा ठिपका, घटकांची यादी तर हवीच.

हे लोणचं नाही, फ्रीजमध्येच टिकतं. छोट्या बाटल्या भरा, ऑर्डरप्रमाणे बनवा, कुरियरचा मोह सोडा.