हे कसलं गं गाणं लावलंयस?

मैत्रिणींनो, 'टायटॅनिक' पाहिला नाही अशी आपल्यात क्वचितच कुणी सापडेल. १९९७ सालचा तो चित्रपट थिएटरात नाही तर टीव्हीवर, नवऱ्याबरोबर नाही तर मुलांबरोबर, एकदा तरी पाहिलेला असतो आणि पदराने डोळेही पुसलेले असतात. त्यातला एक प्रसंग आठवा पाहू. वरच्या मजल्यावरचं ते काटेचमच्यांचं जेवण सोडून नायिका खाली तिसऱ्या वर्गाच्या उतारूंत जाते. तिथे व्हायोलिन, पाइप नि ढोलाचा असा काही धुमाकूळ चाललेला असतो की ती भान विसरून नाचायला लागते. ते वाजवणारे लोक खरोखरीचे वादक होते बरं का! 'गेलिक स्टॉर्म' हा त्यांचा बँड. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका गावच्या एका पबमध्ये १९९६ साली जमलेला.

आमच्या आवडीची सुरुवात त्या दोन-तीन मिनिटांतून झाली. कॉलेजात असताना मी तो चित्रपट टीव्हीवर पाहिला आणि गोष्ट विसरले, ठेका लक्षात राहिला. आज दोन मुलं, अर्ध्या दिवसाची शाळा नि घरची उस्तवार सांभाळून ती आवड टिकून आहे. "हे कसलं गं गाणं लावलंयस?" हा प्रश्न आमच्या घरात इतक्यांदा विचारून झालाय की म्हटलं, या वेळी त्याचं उत्तर सदरातच द्यावं.

या संगीताला 'केल्टिक' म्हणतात. युरोपच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्राच्या कडेने आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत असे मुलूख आहेत. तिथल्या जुन्या भाषा एका कुळातल्या आणि त्या कुळाचं नाव केल्टिक. प्रत्येक मुलखाचा बाज मात्र वेगळा. कोकण नि खानदेश जसा वेगळा, तसा.

तुम्ही म्हणाल, आपल्याला त्यातलं काय कळणार? अहो, कळतं! तिथला जो 'जिग' नावाचा नाच आहे, त्याचा ठेका तीन-तीनचा, म्हणजे आपला सहा मात्रांचा दादराच. 'रील' आठाचा, म्हणजे केरव्याच्या अंगाने जाणारा. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. पहिला दोनदा वाजवायचा, मग दुसरा दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. अशा दोन-तीन चाली एकाला एक जोडतात. एका चालीतून दुसरीत उडी पडते त्या क्षणी अंगावर काटा येतो. पोळ्या लाटताना लावून पाहा, हात आपोआप तालात चालतो.

वाद्यंही फार परकी नाहीत. बॅगपाइप आपण २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीटच्या वेळी पाहतो, तो तोंडाने फुंकायचा. आयर्लंडचे 'इलिन पाइप्स' मात्र फुंकत नाहीत. एका कोपराखाली लहानसा भाता असतो, तो दाबून पिशवीत हवा भरायची, पेटीचा भाता आपण मारतो तसा. 'इलिन' हे नावच कोपरावरून पडलेलं. पाइप्समधून एक सूर सतत धरून ठेवलेला असतो. ऐकताना तानपुऱ्याची आठवण होते. 'बाउरान' म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, फक्त छोट्या काठीने वाजवायचा. आणि 'टिन व्हिसल' ही सहा भोकांची पत्र्याची बासरी. आमच्या धाकट्या वन्सं ग्लासगोला असतात, त्यांनी येताना मला एक आणून दिली. ती सध्या मुलांच्या ताब्यात आहे, त्यामुळे दुपारची झोप संपली!

आता, एखाद्या बँडच्या मागे लागणं म्हणजे काय, तर सोयरीक शोधणं. हे काम आपल्याइतकं कुणाला जमणार? १९८८ साली एन्याचं 'ओरिनोको फ्लो' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ही एन्या कोण, म्हणून पाहावं तर 'क्लॅनड' या बँडमधल्या मोया ब्रेननची धाकटी बहीण. क्लॅनड म्हणजे मोया, तिचे दोन भाऊ आणि दोन जुळे मामा. आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल परगण्यात वडिलांचा पब होता, तिथे ही मंडळी गायला लागली. नावाचा अर्थच 'कुटुंब'. 'बॉथी बँड' ऐकला, तो १९७५ ते १९७९ एवढाच चालला. मग त्यातला बासरीवाला मॅट मलॉय गेला कुठे? तर 'चीफटन्स'मध्ये. आणि त्याच बँडमधला डोनल लनी त्याआधी कुठे होता? 'प्लँक्स्टी'त. वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ही वंशावळ मांडत गेले. आमचे हे एकदा तेलाचा भाव बघायला वही उघडून बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

चीफटन्स म्हणजे या घराण्यातले वडीलधारे. पॅडी मोलोनी या पाइप वाजवणाऱ्या माणसाने १९६२ साली डब्लिनमध्ये तो बँड उभा केला. त्याआधी ही वाद्यं नाचाच्या साथीला नाही तर स्वयंपाकघरातल्या चुलीपाशी वाजायची. लोकांनी तिकीट काढून, गप्प बसून ती ऐकावीत, असं या बँडने करून दाखवलं. १९८३ साली ते चीनला गेले आणि तिथल्या भिंतीवर उभं राहून वाजवून आले. २०२१ मध्ये पॅडी मोलोनी गेले तेव्हा मला चुटपुट लागून राहिली. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांचं सुतक मनाला कसं लागतं कोण जाणे.

एका दुपारी स्कॉटलंडच्या 'कॅपरकेली' बँडचं एक गाणं लावून मी वह्या तपासत बसले होते. कॅरन मॅथेसन ही त्यांची गायिका. ते गाणं स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतलं. १९९२ साली ते ब्रिटनच्या पहिल्या चाळीस लोकप्रिय गाण्यांत गेलं. त्या भाषेतल्या गाण्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. सासूबाई शेंगा सोलत होत्या. नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी वाटच पाहत होते. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे बायकांचं कामाचं गाणं दिसतंय. आमच्या जात्यासारखं."

मी चाटच पडले, कारण ते अगदी खरं होतं! स्कॉटलंडच्या बेटांवर घरी विणलेलं लोकरीचं कापड दाट नि मऊ व्हावं म्हणून बायका ते ओलं करून आपटत. मोठ्या लांब फळीभोवती दोन्ही बाजूंनी बसायचं, कापड आपटत आपटत शेजारणीकडे सरकवायचं आणि गात राहायचं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. ओलं करायला काय वापरत, तर साठवून ठेवलेलं गोमूत्राच्या जातीचं, पण माणसाचं! वासाचं तुम्हीच ठरवा. त्या वासात, त्या श्रमात प्रियकराची आठवण, कुणाचं कुणाशी जुळलं याची थट्टा, समुद्रात बुडालेल्या माणसांचा शोक असं सगळं गायलं जाई. एका कापडावर तेच गाणं पुन्हा म्हणायचं नाही असाही संकेत होता. म्हणजे गाण्यांचा साठा केवढा हवा, पाहा! विसाव्या शतकात गिरण्या आल्या, हे काम बंद पडलं, आणि कामाबरोबर गाणीही ओसरली. जी उरली ती म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून कुणी वेळेवर लिहून घेतली, ध्वनिमुद्रित केली, म्हणून. बँडवाल्यांनी ती तिथून उचलली.

शिक्षिका म्हणून एक गोष्ट मला फार लागते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. मूल आयरिश भाषेत बोललं की काठीवर एक खाच, आणि खाचा मोजून शिक्षा. त्यातच १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि सर्वांत जास्त झळ लागली ती ही भाषा बोलणाऱ्या गरिबांना. भाषा कोपऱ्यात गेली. पण कोपरा म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकघरच. बॉथी बँडमध्ये गाणारी ट्रीना नी गोनिल आणि तिचा भाऊ यांनी आपली पुष्कळ गाणी डोनेगलमधल्या नेलीआत्याकडून घेतली. आणि १९८२ साली क्लॅनडने एका टीव्ही मालिकेसाठी गायलेलं आयरिश भाषेतलं गाणं ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. एका बँडने भाषा वाचते असं मी म्हणणार नाही. पण आपल्या आजीची बोली टीव्हीवर ऐकणाऱ्या मुलाला तिची लाज वाटणं जरा अवघडच.

आता माझ्या सर्वांत आवडत्या बँडबद्दल सांगते, 'आल्टन'बद्दल. मरेड नी वीनी ही डोनेगलची. तिथल्या नावांतलं 'नी' म्हणजे 'अमक्या घराण्यातली लेक'. वडिलांनी तिला फिडल शिकवली. फ्रँकी केनेडी हा बेलफास्टचा मुलगा, बासरी वाजवणारा. दोघं प्राथमिक शाळेत शिक्षक होते. लग्न केलं, शाळा सोडली आणि १९८७ साली बँड काढला. नाव ठेवलं तिच्या गावाकडच्या एका तळ्याचं. बँड नावारूपाला येत असतानाच फ्रँकीला कॅन्सर झाला. तो आजारातही वाजवत राहिला. सप्टेंबर १९९४ मध्ये तो गेला. बँड थांबवायचा नाही, ही त्याची इच्छा होती.

मैत्रिणींनो, जिथे बासरीची जागा रिकामी आहे, त्याच मंचावर पुन्हा उभं राहून तीच गाणी गायची, याला काय छाती लागत असेल! ती उभी राहिली. १९९६ साली पुढची तबकडी निघाली. फ्रँकीच्या आधीच्या आणि नंतरच्या तबकड्या मी लागोपाठ ऐकते तेव्हा वाटतं, ही बाई दुःख लपवत नाही आणि त्याचं प्रदर्शनही मांडत नाही. रोजच्यासारखी फिडल उचलते. आपल्यातल्या कितीजणी दुसऱ्या दिवशी उठून डबे भरतात, तसंच ते.

आणि "बायकांनी वाजवायचं का?" हा प्रश्न तिकडेही होताच. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली जोनी मॅडन टिन व्हिसल नि बासरी वाजवते. १९८५ साली तिथे फक्त बायकांच्या वादनाचे काही कार्यक्रम ठरले आणि त्यातून 'चेरिश द लेडीज' हा बायकांचा बँड उभा राहिला. हे नाव एका जुन्या जिगचं आहे, आणि या बायकांना ते अगदी शोभलं.

असो. त्या दुपारनंतर आमच्या घरात एक काम सुरू झालं आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. "आई, तुमच्या ओव्या सांगा ना," म्हटलं तर खुर्चीत बसून त्यांना एक आठवेना. जातं कधीच गच्चीवर गेलेलं, त्याच्यावर तुळशीची कुंडी. मग एक दिवस बोलता बोलता त्यांचा हात ओट्यावर गोल फिरायला लागला, आणि ओवी आली! हात थांबला की ओवी थांबते. आता रोज दुपारी त्या ताट पालथं घालून त्यावर हात फिरवतात, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करते आणि मग वहीत उतरवते. ४२ झाल्या आहेत. भावाच्या ओव्या आल्या की त्या मध्येच गप्प होतात. तेव्हा मी चहा टाकायला उठते. काही ओव्या अर्ध्यावरच तुटतात. "पुढचं गेलं गं," म्हणतात. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर ते पुढचंही मिळालं असतं, की तेव्हाही गेलेलंच होतं, हे आता कळायला मार्ग नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे तुमच्यापैकी काहीजणींना माहीत असेल. पण तुमच्या माझ्या घरातल्या ओव्या तिथे असतीलच असं नाही.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं. पहिलं, ही नावं मोबाइलवर कुणाकडून तरी शोधून घ्या आणि भाजी निवडताना लावा. आधी चीफटन्स, म्हणजे वाद्यं ओळखीची होतील. मग क्लॅनड आणि कॅपरकेली, शब्द कळले नाहीत तरी चालेल. शेवटी आल्टन, पण ते सगळी झोपल्यावर, एकटीने. एका दिवसात एकच बँड. सगळं एकदम लावलं तर सगळं सारखंच वाटेल.

दुसरं काम घरातलं. सासू, आई, आत्या, शेजारच्या आजी, ज्या कुणी असतील त्यांच्याजवळ बसा. "गाणं म्हणा" असं म्हणू नका, त्या लाजतील. हातात काहीतरी काम द्या, शेंगा, वाती, पापड. ऐकू आलेलं लगेच लिहा, ज्या बोलीत आलं त्याच बोलीत, शुद्धलेखन न सुधारता. कुणाची ओवी, कुठलं माहेर, तारीख, हेही खाली लिहा. आणि किती मिळाल्या ते मला कळवा. अर्धवट असल्या तरी चालतील.