सांगायचं काय, ते आधी सांगा!

सबमिशन जवळ आलं की होस्टेलवर एकच धावपळ. सीनियरचा सेमिनार रिपोर्ट मिळवा, नाव बदला, बाइंडिंगला टाका! पहिली चार पानं 'आजच्या विज्ञानयुगात' यातच संपतात. माझं स्पष्ट मत आहे, आपलं घोडं इंग्रजीपेक्षा मांडणीत अडतं.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख बघा. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आलेला, पानभरापेक्षा थोडाच मोठा. आम्ही डीएनएची एक रचना सुचवतोय, हे पहिल्याच वाक्यात. मग पॉलिंग आणि कोरी यांची तीन साखळ्यांची रचना का पटत नाही, त्याची दोन कारणं. नंतर स्वतःची दोन साखळ्यांची रचना आणि तिचे आधार. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत ही रचना सिद्ध झाली असं समजू नये, हेही मोकळेपणाने. शेवटी, रेणूची नक्कल कशी होत असेल याची नुसती चाहूल.

आपल्या रिपोर्टलाही हाच क्रम चालतो. आपला मुद्दा, इतरांचं म्हणणं, पुरावा, मर्यादा, निष्कर्ष. एका परिच्छेदात एकच गोष्ट. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "यात तू काय केलंस?" ज्याने हा क्रम स्वतः लावलाय, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.

सरांनाही एक विनंती: रिपोर्टची जाडी बघून मार्क देऊ नका. पानं मोजली जातात म्हणूनच ती भरली जातात.

बाकी, नक्कल करणं डीएनएला शोभतं. आपल्याला नाही!