हजेरीपटावर नाव, वर्गात जागा रिकामी

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा सरकारी परिपत्रके, दुकानांचे फलक आणि उतारे यांवर येऊन थांबते. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, ज्याला अक्षरे लागत नाहीत किंवा जे चालत शाळेपर्यंत पोहोचू शकत नाही, त्याच्या शिक्षणात भाषेचे काय होते, याचा विचार आपल्या सभांतून क्वचितच होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ५ ते १९ वयोगटातील दिव्यांगांपैकी ६१ टक्के मुले शिक्षण घेत होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेची पायरीच चढली नव्हती. सीमाभागातील मराठी दिव्यांग मुलापुढे तर अडचणींची दुहेरी भिंत उभी राहते.

मूल शाळेत येत नसेल तर जबाब कोणी द्यायचा? गावात बोट शिक्षकांकडे दाखवले जाते, शिक्षक पालकांकडे दाखवतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम ही जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर देखरेख करणे, हे त्याचे काम आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले स्पष्टपणे या कायद्याच्या कक्षेत आली आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. या पर्यायाचा अर्थ नाव पटावर ठेवून मुलाला विसरून जाणे असा होत नाही. शिक्षकाने घरी जाऊन शिकवणे त्यात अभिप्रेत आहे.

त्यानंतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस झाले. त्यात स्वमग्नता आणि वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता यांचाही समावेश झाला. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून अशी मुले शोधावीत, दिव्यांग मुलांच्या ये-जा करण्याची सोय करावी आणि अंध व कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत व माध्यमातून शिकवावे, असे हा कायदा सांगतो.

सीमाभागाचा खरा प्रश्न या भाषेपाशीच सुरू होतो. घरी, अंगणवाडीत आणि शाळेत मराठीच ऐकलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला तालुक्याच्या तपासणी शिबिरात कन्नडमधून प्रश्न विचारले, तर ते गप्प राहणारच. ते गप्प राहिले ते समज कमी म्हणून की प्रश्नच कळला नाही म्हणून, हे तपासणाऱ्याने कसे ठरवायचे? एखाद्या मुलावर मतिमंदत्वाचा शिक्का चुकीने बसू शकतो. उलट, खरोखर वाचनाची अक्षमता असलेल्या मुलाला ‘भाषा येत नाही, पुढे येईल’ असे म्हणून परत पाठवले जाऊ शकते. दोन्हीकडून नुकसान मुलाचेच. वाचादोषाचे उपचारही घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत झाले, तर आईला त्यांचा सराव घरी घेता येत नाही.

यावर अडचण सांगितली जाते ती माणसांची. ती खरी आहे, पण तिच्यातून वाटही निघते. अंधांच्या ब्रेल लिपीचेच पाहा. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारली गेली. कन्नड ‘क’ आणि मराठी ‘क’ यांचे ठिपके तिच्यात एकच आहेत. कन्नड ब्रेल जाणणाऱ्या शिक्षकाला मराठी बोलता येत असेल, तर मराठी ब्रेल शिकवणे त्याला अवघड जाऊ नये. दोन्ही भाषा बोलणारी माणसे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कमी नाहीत. नेमणुका करताना ती शोधण्याची इच्छा हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी दहास एक आणि वरच्या वर्गांत पंधरास एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे. ही पदे भरताना, ज्या तालुक्यात मराठी शाळा आहेत तेथे मराठी जाणणारा एक तरी विशेष शिक्षक असावा, ही मागणी रास्त आहे. भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५० अ कलम १९५६ पासून सांगत आहे.

ही मागणी कन्नडविरोधी नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांची तपासणी कन्नडमधून व्हावी, हे महाराष्ट्र शासनालाही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे.

पैशाचे काय? समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. मुलींना त्याखेरीज दरमहा २०० रुपये, दहा महिने मिळतात. ग्रामपंचायतींनीही स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ही रक्कम मोठी नाही. पण मुलाला शाळेत नेण्या-आणण्याची व्यवस्था, एक उतरंड किंवा वापरता येईल असे स्वच्छतागृह यांची सुरुवात तिच्यातून होऊ शकते.

शाळा सुधारणा समितीत पालकांचे बहुमत असते. या समितीने शाळा सुरू होण्याआधी अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांना सोबत घेऊन गावातील अशा मुलांची यादी करावी. पटावर नाव असूनही महिनाभर न आलेल्या मुलाचे कारण यादीत लिहावे. ती ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यावी, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. तपासणी मराठीतून व्हावी ही विनंती त्याच अर्जात असावी. मोर्चे आणि निवेदने आपल्याला नवी नाहीत. या प्रश्नावर मात्र पहिले काम गावातल्या गावात, घरोघर जाऊन करायचे आहे, कारण यादीत नसलेल्या मुलासाठी कोणतेही कार्यालय आपणहून तरतूद करत नाही.