प्रोफाइल नसलेल्यांचे काय?



पदवीधरांचा माग लिंक्डइनवरून काढावा, ही गेल्या अंकातील वाचकाची सूचना अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरती ठीक. कला शाखेचे काय? तलाठी, अंगणवाडी सेविका, एमपीएससीची तयारी करणारे, घरची शेती पाहणारे तिथे फारसे सापडायचे नाहीत. शिवाय तिथला मजकूर ज्याचा त्याने लिहिलेला. नोकरी सुटली तरी जुने पद तसेच राहते, आणि पगार सहसा कुणी लिहीत नाही. महाविद्यालयांची राष्ट्रीय क्रमवारी लावणारी एनआयआरएफ मात्र नोकरी लागलेल्यांच्या वेतनाचा मध्यांक मागते. तो प्रोफाइलवरून कसा काढणार? (काही महाविद्यालये अंदाजपंचे काढतीलही म्हणा!) त्यापेक्षा पदवी प्रमाणपत्र न्यायला आलेल्यांकडून फोन नंबर आणि संमती घ्यावी, वर्षभराने विभागातल्याच शिक्षकाने फोन करावा. लिंक्डइन पडताळणीपुरते ठेवावे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा