द्राक्षाचे पाणी आणि स्टीलचा पेला

गेल्या उन्हाळ्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास बजाजनगरातल्या एका घरून फोन आला. "डॉक्टरसाहेब, अण्णांना चढली असं समजून सगळ्यांनी झोपवलं होतं. पण घामानं ओलेचिंब झालेत, म्हणून मी मशीननं साखर बघितली, तर एकेचाळीस दाखवतीय." बोलणारी त्या घरची सून होती. ते शुद्धीवर आहेत का, घोट गिळता येतो का, एवढे विचारून घेतले. येत होता. साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजायला सांगितले आणि मी स्कूटर काढली.

अण्णा त्रेसष्ट वर्षांचे. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे परभणीकडचे. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यांतली एक साखर चांगलीच खाली आणणारी. त्या दिवशी धाकटा मुलगा नाशिकहून आला होता व येताना पांढऱ्या वाईनच्या दोन बाटल्या घेऊन आला होता. अण्णा माळकरी नाहीत, पण पिणारेही नाहीत. मुलगा म्हणाला, "अण्णा, ही दारू नाही हो, द्राक्षाचं पाणी आहे." बाटली फ्रिजमध्ये गार केलेली, बाहेर बेचाळीस अंशांचा दिवस सरलेला. अण्णांनी रोजच्या वेळी, आठ वाजता, गोळी घेतली. जेवण मात्र पाहुण्यांची वाट पाहण्यात लांबले. मधल्या वेळेत त्यांनी दोन पेले घेतले. पेले कोणते? घरात पाणी प्यायचे असतात तेच, स्टीलचे.

हा प्रसंग त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. नाव देत नाही.

आता त्या पेल्याचा हिशेब पाहू. घरी परत आल्यावर मी आमच्या मांडणीवरची सगळी भांडी खाली काढली आणि औषधाच्या मापाने पाणी ओतून मोजली. (सौभाग्यवतींनी "या वयात भातुकली?" असे विचारले, ते सोडून देऊ.) आमचा स्टीलचा पेला बोटभर रिकामा ठेवूनही २५० मि.ली. निघाला. फुलपात्र १५० चे. टपरीवर कटिंग चहा देतात तसला काचेचा ग्लास १०० च्या आसपास. तुमच्या घरची मापे थोडी वेगळी असतील, म्हणून स्वतः मोजून पाहावीत.

वाईनच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. आपल्याकडच्या पांढऱ्या वाईनवर ते बहुधा १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास दिसते. साडेबारा टक्के धरले, तर २५० मि.ली. वाईनमध्ये सुमारे ३१ मि.ली. शुद्ध मद्यार्क येतो, म्हणजे वजनाने जवळपास २५ ग्रॅम. व्हिस्की किंवा रमवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. तिच्या ६० मि.ली.च्या मोठ्या पेगात २० ग्रॅम येतो. म्हणजे स्टीलचा एक पेला वाईन ही व्हिस्कीच्या मोठ्या पेगापेक्षा जास्त झाली! अण्णांनी दोन पेले घेतले. व्हिस्कीचे अडीच मोठे पेग त्यांच्यापुढे कोणी ठेवले असते, तर त्यांनी हात जोडून नको म्हटले असते. पेला रोजच्या पाण्याचा होता म्हणून आतली वस्तूही पाण्यासारखीच वाटली.

गंमत पाहा, देशी पिणारा मनुष्य मापाचा पक्का असतो. नवटाक म्हणजे किती आणि पावशेर म्हणजे किती, हे त्याला झोपेत विचारले तरी सांगेल. आपण घरात ज्वारी मापट्याने मोजली, तेल पळीने घातले, औषध तर झाकणाच्या रेघेवर डोळा ठेवून ओतले. एक वाईन तेवढी अंदाजाने ओततो, आणि तीही नव्याने घरात आलेली! बिअर आपल्या भागाला नवी नाही, औद्योगिक वसाहतींत तिचे कारखानेच आहेत. वाईनचे तसे नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, नाशिकच्या द्राक्षमळ्यांशेजारी वाईनरी उभ्या राहिल्या आणि तिकडे सहलीला गेलेली तरुण मंडळी येताना पेढ्यांच्या बरोबरीने बाटली आणू लागली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्याला विरोध झाला आणि तो मागे पडला. परंतु त्या वादात "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य घरोघर पोचले, ते काही मागे पडले नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र यकृताला द्राक्ष, ऊस आणि मोह यांतला फरक कळत नाही. त्याच्याकडे मद्यार्क येतो तो एकाच जातीचा.

आणि पांढरी वाईन या बाबतीत तांबडीपेक्षा जास्त फसवी, असे माझे मत आहे. तांबडी वाईन तुरट लागते, नवख्याला एका घोटात नकोशी होते. पांढरी गार पितात. गारव्यामुळे मद्यार्काचा तिखटपणा जिभेला जाणवत नाही, चव आंबटगोड, म्हणजे जवळजवळ सरबतच. मे महिन्यात सरबत कोणी घोटघोट पितो का? वर "हृदयाला चांगली असते" हा समज आहेच. तो समज पसरला तांबड्या वाईनवरून. ती द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात आणि सालीतली द्रव्ये तिच्यात उतरतात. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी पिळून साल बाजूला काढतात. म्हणजे ती सबबही हिच्याकडे पुरती नाही. शिवाय ती सबब आता तांबडीलाही फारशी उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल अशी मद्याची कोणतीच मात्रा नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे तर संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले होते.

मग एवढे सांगणाऱ्या डॉक्टरने पेल्यांची चर्चा कशाला करावी? "पिऊ नका" म्हणून मोकळे व्हावे, असे काही वाचक लिहितील. मी दवाखान्यात तेच म्हणतो. पण बाटल्या घरात आलेल्या आहेत, नवीन फ्लॅटच्या शोकेसमध्ये दिसतात, आणि त्या फुटणार आहेत त्या जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर नव्हे. नको म्हणून ज्याने ऐकले नाही, त्याच्यासाठी मला दुसरे काही सांगता आले पाहिजे. ते म्हणजे ग्लास बदला.

पांढऱ्या वाईनसाठी जाणकार जो ग्लास वापरतात, तो योगायोगाने माझ्या कामाचा आहे. लांब दांडीचा, पोटाला लहान, तोंडाशी किंचित मिटलेला, कमळाच्या कळीसारखा. तांबड्या वाईनचा ग्लास याहून पोटाने मोठा असतो. यामागे साधे कारण आहे. पांढरी वाईन आठ-दहा अंशांना गार प्यायची असते. दांडी धरली म्हणजे हाताची ऊब तिला लागत नाही. लहान पोटाच्या ग्लासात थोडी ओतली की ती गरम होण्याआधी संपते. तोंड मिटते असल्याने सुवास आत कोंडून राहतो, आणि त्यासाठी ग्लास दोन-तृतीयांश रिकामा लागतो. म्हणजे ज्यांना तिची चव कळते, तेदेखील ती काठोकाठ भरत नाहीत. चिकूसारखा गोल, अर्धा लिटर मावेल असा मोठा ग्लास दुकानदार "हा जास्त भारी" म्हणून दाखवतो. तो घेऊ नका. त्यात १०० मि.ली. ओतले तर तळाशी दिसेनासे होतात, आणि पाहुण्याला कमी दिले असे वाटून यजमानाचा हात आणखी झुकतो.

हा केवळ माझा तर्क नाही. इंग्लंडात केंब्रिजच्या संशोधकांनी गेल्या तीनशे वर्षांतले चारशेहून अधिक वाईनग्लास मोजले, काही संग्रहालयातले, काही राजघराण्यातले, काही आजच्या दुकानातले. १७०० च्या शतकात ग्लासात सरासरी ६६ मि.ली. मावत असे. २०१६-१७ च्या ग्लासांत ४४९ मि.ली., म्हणजे जवळपास सातपट. हा लेख २०१७ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच गटाने उपाहारगृहांत व बारमध्ये वाईनचे माप तेच ठेवून फक्त ग्लास लहानमोठा करून पाहिला. २०२० मध्ये सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा, ३०० ऐवजी ३७० मि.ली.चा ग्लास ठेवल्यास उपाहारगृहांत वाईन सुमारे सात टक्के अधिक खपल्याचे दिसले, बारमध्ये मात्र फरक आढळला नाही. घरी तर मापही आपल्याच हातात असते.

आता धातूंविषयी, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. अलीकडे तांब्याचे पेले पुन्हा घरात आले आहेत. त्यात पाणी ठेवणे वेगळे. पण वाईन ही आंबट वस्तू आहे, ताकापेक्षाही आंबट. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हे आपल्या आजीला कोणत्याही डॉक्टरशिवाय ठाऊक होते, कारण ते कळकते. कळकणे म्हणजे तांबे पदार्थात उतरणे. मळमळ, उलट्या, पोटात कळा. वाईनलाही तोच नियम लागू आहे. कासारी बाजारातून हौसेने आणलेले नक्षीचे तांब्या-पितळेचे पेले शोभेला ठेवावेत. स्टील निर्धोक आहे, त्याचा दोष फक्त आकार आणि आत किती आहे ते बाहेरून न दिसणे. जुन्या, जड, टिचकी मारली की घंटेसारख्या वाजणाऱ्या क्रिस्टलच्या काचेत शिसे असते. एका बैठकीपुरते त्यातून फार उतरत नाही, पण तसल्या सुरईत वाईन आठवडेच्या आठवडे भरून ठेवू नये. प्लॅस्टिकच्या फेकून देण्याच्या पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही.

अण्णांकडे वळतो. उपाशीपोटी मद्य घेतले की यकृत ते निस्तरण्यात गुंतते आणि रक्तात साखर सोडण्याचे त्याचे नेहमीचे काम मंदावते. इकडे गोळी साखर खाली ओढतच असते. घाम, थरथर, बडबड, झोक जाणे, ही साखर उतरल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे दिसायला जुळी भावंडे. वास येत असला की घरचे "चढली, झोपू द्या" म्हणतात, आणि त्या झोपेतून काही जण उठत नाहीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने मद्यानंतर असे काही केले, तर आधी साखर मोजा. मशीन नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्या. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट रुग्णालय गाठा. अण्णांची साखर पंधरा मिनिटांत ऐंशीच्या पुढे आली. तरीही मी त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवायला लावले, कारण त्या गोळीचा अंमल लांब चालतो आणि साखर पुन्हा उतरते. पहाटे चार वाजता ती उतरलीही. तिथे सलाईन लावलेले होते म्हणून निभावले.

धाकटा मुलगा चार दिवस माझ्यासमोर मान वर करत नव्हता. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने वडिलांना कौतुकाने पाजली होती, आणि तो स्वतः त्या रात्री तसेच दोन पेले घेऊन मोटारसायकलवरून पंढरपूरच्या चौकात बर्फ आणायला गेला होता. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क हा कायद्याने गुन्हा आहे. दोन पेल्यांनंतर तो त्या रेषेच्या आत असण्याची शक्यता फार थोडी. नगर रस्त्यावरच्या रात्रीच्या कंटेनरांना तर हेही ठाऊक नसते.

परवा अण्णा रक्तदाब मोजायला आले, सोबत सून होती. अण्णांनी सोडली आहे, म्हणजे धरलीच नव्हती. मुलगा मात्र येतो तेव्हा बाटली आणतो. तिने त्याच्यासाठी लहान दांडीचे सहा ग्लास आणले, बाळाच्या दुधाच्या बाटलीने १०० मि.ली. पाणी मोजून प्रत्येकात ओतले आणि पाण्याच्या पातळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारली. व्हिस्कीच्या छोट्या पेगाएवढा मद्यार्क त्या रेघेपर्यंत येतो, हे तिने दिराला सांगितले आहे. जेवण वाढल्याशिवाय ग्लास बाहेर येत नाहीत. हे कोणाला करायचे असेल तर एक सूचना, रेघ ग्लासच्या बाहेरून मारावी, आतून नव्हे.